मासवडीला काटा नसतो

2003 साली अमेरिकेत एक मोहीम निघाली. आठवड्यातून एक दिवस, सोमवारी, मांस खाऊ नका, एवढंच तिचं म्हणणं. मोहिमेमागे जाहिरात व्यवसायात केस पिकवलेले सिड लर्नर होते आणि पाठीशी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे सार्वजनिक आरोग्याचे पंडित. एवढं मोठं विद्यापीठ कामाला लागलं तेव्हा कुठे एक सोमवार हाती लागला. पुण्यात सोमवार शंकराने फार पूर्वीच अडवून ठेवलेला आहे. मंगळवार गणपतीकडे किंवा देवीकडे, गुरुवार दत्ताकडे, स्वामींकडे नाहीतर साईबाबांकडे, शनिवार मारुतीकडे. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्यातून एकादशी, चतुर्थी, नवरात्र, पितृपक्षातली आपापली तिथी आणि आख्खा श्रावण वजा केला, की जे शिल्लक राहतं त्याला मांसाहार म्हणण्यापेक्षा मांसाहाराचा शिधा म्हणावं. केंद्र सरकारच्या 2014 सालच्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे 40 टक्के लोक शाकाहारी निघाले होते. उरलेले 60 टक्के मांसाहारी, असा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण त्या साठांपैकी बरेचजण आठवड्यातले चार दिवस पहिल्या चाळिसांत जाऊन बसतात, हे त्या तक्त्यात दिसत नाही. वनस्पतीजन्य मांस विकणाऱ्या कंपन्या ज्या गिऱ्हाइकाच्या शोधात जगभर फिरताहेत, म्हणजे मांस न सोडता कमी करणारा माणूस, तो इथे पेठेपेठेत राहतो. फक्त तो पर्यावरणाच्या अहवालाऐवजी पंचांग बघून कमी करतो, आणि श्रावणात पडायची तूट आषाढी अमावास्येला, म्हणजे गटारीला, आगाऊ भरून काढतो.

या माणसासाठी गेल्या काही वर्षांत बरीच धावपळ झाली. उदयपूरच्या गुडडॉट कंपनीने 2016 पासून मटणासारखं आणि चिकनसारखं, पण दोन्ही नसलेलं काहीतरी बाजारात आणलं. 2021 च्या सप्टेंबरात रितेश आणि जिनिलिया देशमुख यांनी 'इमॅजिन मीट्स' काढलं. पुढच्या वर्षी विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांनी 'ब्लू ट्राइब'मध्ये पैसे घातले, आणि आयटीसी व टाटा हेही नगेट आणि पॅटी घेऊन आले. लग्नात एकाच पंगतीला आमदार, नट आणि क्रिकेटपटू बसावेत तशी ही मंडळी मॉलमधल्या फ्रीजरच्या एकाच कप्प्यात येऊन बसली. यामागची यंत्रविद्या मात्र चेष्टेवारी नेण्यासारखी नाही. तेल काढून उरलेलं सोयाबीनचं पीठ, पाणी, उष्णता आणि प्रचंड दाब. मळसूत्री दांडा हे सगळं ढकलत नेतो आणि तोंडाच्या साच्यातून बाहेर काढतो. चकलीचा सोऱ्या कारखान्याएवढा करावा आणि त्याखाली जाळ लावावा, असा हा प्रकार. दाब एकदम सुटला की आतल्या पाण्याची वाफ होते, पीठ फुगतं आणि तयार होते आपली जुनी सोया वडी. नव्या पद्धतीत पाणी जास्त असतं आणि तोंडाशी हळूहळू गार होत जाणारा लांब साचा बसवतात, त्यामुळे प्रथिनांचे धागे एका दिशेने लागतात आणि दाताखाली कोंबडीच्या छातीसारखे सुटतात. म्हणजे प्रश्न होता फोडीचा, आणि तो शास्त्रज्ञांनी जवळजवळ सोडवला. अडचण एवढीच, की पुण्यात हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता.

इथला माणूस मटणाच्या फोडीसाठी जेवायला बसतो असं समजणं ही या धंद्याची मूळ गफलत आहे. सिंहगड रस्त्यापासून सातारा रस्त्यापर्यंत कुठल्याही मटण थाळीच्या हॉटेलात बसा आणि पाटीवरची अक्षरं वाचा. सुकं मटण एक वाटी, फोडी मोजून. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, अळणी: अमर्याद. जी वस्तू मालक मोजून देतो ती महाग असते हे खरं. पण गिऱ्हाईक वाढप्याला पुन्हा पुन्हा हाक मारतं ते रश्शासाठी, आणि हॉटेल चांगलं की वाईट याचा निकाल लागतो तोही रश्शावर. 'मटण शिजलं नव्हतं' ही तक्रार एखादा पोटात घालेल, 'रश्शाला दम नव्हता' ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर होते. घरीही तेच. एक किलो मटणात दहा माणसं जेवतात ती फोडींच्या जिवावर नव्हे, भाजलेलं सुकं खोबरं, करपण्याच्या बेतात आलेला कांदा, लसूण, खसखस, धणे आणि घरच्या काळ्या मसाल्याच्या जिवावर. आता ही यादी पुन्हा वाचून पाहा. तिच्यात एकही प्राणी नाही. मराठी मटणातला बहुतेक ऐवज पहिल्यापासूनच वनस्पतीजन्य आहे, आणि कमी करण्यासारखं जे उरतं ते आपल्या लोकांनी कुठल्याही स्टार्टअपची वाट न बघता शेकडो वेळा बदलून पाहिलं आहे.

याचा सगळ्यात पक्का पुरावा पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलं की सापडतो. मंचर, नारायणगाव, जुन्नर, ओतूर या पट्ट्यात मासवडी नावाचा पदार्थ आहे, आणि आता महामार्गावरच्या हॉटेलांनी त्याची थाळीही केली आहे. मसाल्याच्या उकळत्या पाण्यात बेसन वैरून, गुठळी होऊ न देता, हात भरून येईपर्यंत घोटतात. तो गोळा गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापतात, वर भाजलेले तीळ, खोबरं, शेंगदाणे, कांदा, लसूण, कोथिंबीर यांचं सारण पसरतात, फडक्याच्याच मदतीने वळकटी करतात आणि दाबून तिला माशाच्या अंगासारखा आकार देतात. मग काप पाडायचे, शेजारी जाळ रस्सा आणि बाजरीची भाकरी. घरात एक जण माळकरी झाला आणि बाकीचे राहिले तसेच राहिले, तर जत्रेच्या दिवशी त्या एका माणसाच्या ताटात काय वाढायचं, या अवघड प्रश्नाला दिलेलं हे इतकं चोख उत्तर आहे, की पुढे ज्यांच्या गळ्यात माळ नव्हती तेही ते मागू लागले. या पदार्थाने माशाकडून काय घेतलं ते नीट बघण्यासारखं आहे. नाव घेतलं, आकार घेतला, जेवणातला मान घेतला. चव घेतली नाही, वास घेतला नाही, काटा तर नाहीच घेतला. मासवडी खाऊन 'अगदी सुरमईसारखी लागते हो' असं आजवर कुणी म्हटलेलं नाही, आणि म्हटलं असतं तर करणारीने ते कौतुक मानलं असतं की अपमान, हे सांगणं कठीण आहे.

बाकीच्या जिल्ह्यांनीही आपापली सोय लावलेली आहे. मालवणात वडे कोंबडीच्या सागोतीबरोबर खातात, आणि ज्या दिवशी कोंबडी वर्ज्य असेल त्या दिवशी तेच वडे काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर खातात. वाटण तेच, ताट तेच, वड्यांना फरक कळत नाही. नीरफणसाचे, सुरणाचे किंवा केळ्याचे काप तिखट-हळद लावून, रव्यात घोळवून माशाच्या शेजारच्याच तव्यावर पडतात. विदर्भातली पाटवडी सावजी रश्शात अशी काही बुडते की घाम दोन्हीकडे सारखाच फुटतो. गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळमी मिळाली की श्रावणातही शागोती होते, आणि ती अळमी ज्या भावाने विकली जातात ते ऐकून मटणालाही आपण स्वस्तात गेलो असं वाटावं. शेवग्याची शेंग तर या सगळ्यांच्या पुढची. कोवळा गर ओढून चोथा ताटाच्या कडेला ठेवायचा. नळी चोखायची हौस भागते आणि शनिवारही मोडत नाही. दाताला काहीतरी काम हवं ही मागणी तिने कुठल्याही प्रयोगशाळेआधी ओळखली होती.

या सगळ्या पदार्थांत एक समान गोष्ट आहे. त्यांनी मटणाची जागा घेतली, सोंग घेतलं नाही. हा फरक धंद्याच्या दृष्टीनेही फार महत्त्वाचा आहे. जागा घेणाऱ्याकडे लोक आहे तो म्हणून बघतात. सोंग घेणाऱ्याकडे कुठे फसतंय हे बघायला बघतात. वनस्पतीजन्य चिकनचं जास्तीत जास्त कौतुक काय होऊ शकतं? 'ओळखूच येत नाही हं!' हे वाक्य ऐकून कंपनीचा माणूस खूश होतो, पण पुणेकर ते वाक्य तिथे थांबवत नाही. ओळखूच येत नसेल तर मग खरंच का नको, हा पुढचा प्रश्न तो विचारतो, आणि त्यापुढचा प्रश्न किमतीचा असतो. अमेरिकेत नेमकं हेच झालं. बियाँड मीट या कंपनीचा समभाग 2019 च्या मे महिन्यात 25 डॉलरला विक्रीला आला आणि त्याच उन्हाळ्यात 200 च्या पुढे गेला. 2025 च्या ऑक्टोबरात तो एक डॉलरच्याही खाली मिळत होता. लोकांनी कुतूहलाने एकदा खाल्लं, शास्त्रज्ञांना शाबासकी दिली आणि परत आपल्या खाटकाकडे गेले. नवलाई संपल्यावर ताटात जे उरतं त्याला स्वतःचं नाव लागतं, आणि दुसऱ्याच्या नावावर आलेल्याला ते नसतं.

किमतीचं तर विचारूच नका, कारण इथे स्पर्धा पुण्याशीच आहे. देशातल्या कोंबडीला स्वस्त आणि घराघरांतली करण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या वेंकटेश्वरा समूहाचं ठाणं पुण्यात आहे. त्याचे संस्थापक बी. व्ही. राव यांनीच 1982 मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी केली. रविवार असो वा सोमवार, रोज अंडी खा, असं तिच्या दूरदर्शनवरच्या गाण्यातून आख्ख्या देशाला बजावलं जायचं. अंड्याचा खरा प्रतिस्पर्धी बटाटा नसून सोमवार आहे, हे त्या समितीला कळलं होतं. एवढं कळूनही, एवढी वर्षं ते गाणं वाजूनही, पुण्यातला सोमवार जागचा हललेला नाही. आता उलट बाजूने येणाऱ्यांनी हिशेब करावा. कोंबडीला हरवायचं तर तिच्यापेक्षा स्वस्त व्हावं लागेल, आणि मालाचं म्हणाल तर तो मातीमोल आहे: 2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये, म्हणजे किलोला 53 रुपये, आणि तेवढाही पदरात पडत नाही म्हणून मराठवाड्यातला शेतकरी दरवर्षी रस्त्यावर येतो. त्याच दाण्याचं तेल काढून झाल्यावर उरलेलं पीठ सोऱ्यातून गेलं, फ्रीजरमध्ये बसलं आणि अंगावर इंग्रजी नाव आलं की मटणाच्या पंगतीचा भाव मागतं. लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचा ढीग आणि लातूरच्याच देशमुखांचं पाकीटबंद मांस, यांच्या मधलं अंतर कुणीतरी एकदा एसटीने मोजायला हवं.

सोयाबीन परकं आहे, म्हणून हे मुळातच आपलं नाही, असा एक आक्षेप येईल. तो टिकणारा नाही. 1935 साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी आश्रमाच्या जेवणात सोयाबीन आणून पाहिलं आणि 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलंही. आश्रमातल्या मंडळींनी त्यावर मनात काय म्हटलं असेल याची कल्पना वसतिगृहाच्या मेसमध्ये बुधवारची सोया वडीची भाजी पाहणाऱ्या कुणालाही करता येईल. खुद्द पुण्यात, गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर, आघारकर संशोधन संस्था आहे (रस्ता समाजसुधारक आगरकरांचा, संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकरांची, या दोघांची गल्लत करणाऱ्याला त्या भागात पत्ता सांगत नाहीत). तिथे सोयाबीनच्या जाती तयार होतात, आणि 2021 मध्ये जाहीर झालेली एमएसीएस 1407 ही जात तर आसाम, बंगाल, झारखंडातल्या शेतांसाठी आहे. म्हणजे लॉ कॉलेज रस्त्याच्या पलीकडे सुधारलेला दाणा अलीकडच्या मॉलमध्ये मांसाचं रूप घेऊन येतो, एवढाच काय तो फेरफटका. अमेरिकेतल्या इम्पॉसिबल फूड्सने 2016 मध्ये बर्गरला जो लालसर, रक्तासारखा रंग आणला, त्यामागचं लेगहिमोग्लोबिनही सोयाबीनच्याच मुळांवरच्या गाठींत असतं. गाठ फोडली आणि आत गुलाबी दिसली की ती नत्र धरतेय हे आपल्याकडचे कृषी सहायक शेतकऱ्यांना बांधावर उभं राहून दाखवतात. त्या गुलाबी रंगाचं मटण करावं हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि त्याबद्दल कृषी खात्याला दोष देता येणार नाही.

दुसरा आक्षेप जन्मजात शाकाहारी मंडळींचा, आणि तो सगळ्यात मोठ्या आवाजात येतो. मांस सोडलं ना, मग त्याची नक्कल कशाला? यावर उत्तर सोपं आहे: ही वस्तू तुमच्यासाठी केलेलीच नाही. ज्याने कधी सोडलं नाही, कारण कधी धरलंच नव्हतं, त्याने सोडणाऱ्याला शिकवू नये. शिवाय नकलेचा तिटकारा असलेल्या याच घरांत बेसनाचं आम्लेट होतं, आणि त्याच कुटुंबाच्या हॉटेलातल्या ऑर्डरीत व्हेज सीख कबाब, व्हेज बिर्याणी आणि व्हेज कोल्हापुरी असतं. नक्कल वाईट नसते, बाहेरून आलेली वाईट असते, एवढाच त्यातला भाव. सरकारने मात्र सगळ्यांची सोय केली आहे. शाकाहाराचा हिरवा ठिपका, मांसाहाराचा आता तपकिरी त्रिकोण, आणि 2022 च्या नियमांपासून वीगन पदार्थांसाठी हिरवं व्ही अक्षर वेगळं. पाकिटावर मोठ्या अक्षरांत खिमा आणि शेजारी हिरवा ठिपका पाहून 'फक्त शाकाहारी' सोसायटीच्या सचिवांनी नक्की कुठल्या पोटनियमाखाली नोटीस काढायची, हा प्रश्न आज ना उद्या सर्वसाधारण सभेत येणार आहे. वास खिम्याचा, पुरावा हरभरा-वाटाण्याचा. ठराव कुठल्याही बाजूने झाला तरी सभा चार तास चालेल.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि त्याला हसून चालणार नाही. पशुपालनातून मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी सुमारे 14.5 टक्के वायू निघतात, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने 2013 मध्ये मांडलं. मासवडीच्या गोष्टी सांगून ते कमी होतील का? जगाचे होणार नाहीत. पण तो बोजा टाकला कुणी तेही बघायला हवं. अमेरिकन माणसाच्या वाट्याला वर्षाला 100 किलोंहून जास्त मांस येतं, भारतीयाच्या वाट्याला त्याचा एक लहानसा तुकडा. ज्याच्या ताटात रोज दोन्ही वेळा मांस आहे त्याला कमी करताना हुबेहूब बदली लागते, नाहीतर त्याचं ताट रिकामं दिसतं. इथल्या ताटात ते चार दिवस नव्हतंच, त्यामुळे रिकामी जागा कशी भरायची हे इथल्या बायकांना पाठ आहे. त्यांना औषध विकायला येणाऱ्याने आधी त्यांच्याकडे शिकवणी लावावी. खरी भीती वेगळीच आहे. नवी पिढी पंचांग सोडते आहे, वार पाळत नाही, आणि अॅपवरून मंगळवारीही बिर्याणी मागवते. देव मागे सरकले आणि हवामानबदल अजून त्यांच्या जागी बसला नाही, असा हा मधला काळ आहे. या मुलांना आजीच्या काळ्या वाटाण्याची माहिती नसते, जिमच्या प्रशिक्षकाने दिलेला प्रथिनांचा तक्ता मात्र तोंडपाठ असतो. सोया वडीच्या पाकिटावर शंभर ग्रॅममागे 52 ग्रॅम प्रथिनं लिहिलेली असतात हे ते सांगतात. तो आकडा कोरड्या वडीचा आहे आणि भिजवून तिचं वजन तिप्पट होतं, हे सांगत नाहीत. तरी ताकद आहे हे मान्य. या गिऱ्हाइकासाठी कंपन्यांनी यावं, जरूर यावं.

फक्त यावं ते योग्य दाराने. नगेट आणि बर्गर पॅटी हे पुण्यातल्या कुणाच्याही रविवारचं जेवण नाही. खिमा मात्र आहे. खिम्यात फोड आधीच नाहीशी झालेली असते. जे हाती उरतं ते आलं, लसूण, मसाला, वाटाणे, वरून लिंबू आणि बाजूला पाव. 1935 पासून डेक्कनवर असलेल्या गुडलकसारख्या इराणी हॉटेलात खिमा खाणारा माणूस बशीत बोट घालून धाग्यांची दिशा तपासत नाही. जिथे मांसाने स्वतःच आपली ओळख सोडून दिली आहे तिथे दुसऱ्याने येऊन बसणं सोपं जातं. तेच झणझणीत रश्शाचं. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात सोयाचा धागा तासभर मुरला, की तो कशासारखा लागतो हा प्रश्न मागे पडतो आणि भाकरी किती उरल्या हा पुढे येतो. आणि नाव? कोंबडी, मटण हे शब्द पाकिटावरून काढून टाकावेत, जुन्नरकडून एखादं नाव मागून घ्यावं आणि श्रावणाच्या पहिल्या शुक्रवारी दुकानात ठेवावं. आषाढी अमावास्येनंतरचा तो आठवडा म्हणजे लाखो लोकांनी नुकतंच, मनापासून आणि एकदमच मांस कमी केलेलं असतं. त्याच आठवड्यात फ्रीजरवर सवलत नसते, जाहिरात नसते. कंपन्यांचे विपणन अधिकारी तेव्हा जानेवारीतल्या वीगन महिन्याची तयारी करत असतात. जानेवारीत पुण्यात थंडी असते, हुरडा असतो, आणि मटणाच्या दुकानापुढची रांग वर्षातली सर्वात उत्साही असते.

एक व्यावहारिक अडचण मात्र कुठल्याही प्रयोगशाळेला सुटलेली नाही. पुण्यातल्या पुष्कळ घरांत मटणाचं पातेलं वेगळं असतं. ते वेगळ्या कोपऱ्यात राहतं, वेगळ्या घासणीने घासलं जातं आणि सोमवारी कुणी त्याच्याकडे बघतही नाही. हा वनस्पतीजन्य खिमा त्या पातेल्यात शिजवला तर तो ज्यांच्यासाठी आणला ते खाणार नाहीत, आणि घरच्या रोजच्या कढईत शिजवला तर ज्यांच्या मालकीची कढई आहे त्या तिला पुन्हा देवाच्या नैवेद्याला लावणार नाहीत. तेव्हा तिसरं भांडं आलं. या उद्योगातून कुठल्या कंपनीला किती फायदा होईल ते बाजार ठरवेल, पण तुळशीबागेतल्या भांडेवाल्यांनी मध्यम आकाराच्या, झाकणासकट मिळणाऱ्या कढया मागवून ठेवायला हरकत नाही.